पाण्याखालचा उजेड

पाण्याखाली जायचं म्हटलं की मुळशीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, मग त्याला कितीही पोहता येवो. आमच्याकडं पाण्याखाली गेलं म्हणजे गेलंच. शेत गेलं, देऊळ गेलं, आज्याचं घर गेलं, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. त्यामुळं मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी, पाठीवर सिलिंडर बांधून होडीच्या कडेला बसले, तेव्हा बुडायची भीती नव्हतीच. खाली काय दिसेल, याची होती.

"काकी, घाबरू नकात. तोंडान श्वास घेवा, सावकाश. मी आसंय," सोबतचा पोरगा म्हणाला आणि शिडीवरून त्यानं मला खाली घेतलं.

थोडं खाली गेल्यावर कानाला दडे बसले. नाक चिमटीत धरून हवा ढकलली की दडा सुटतो, हे वर शिकवलं होतं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, हेही सांगितलं होतं. रंगांचं मात्र कुणी बोललं नव्हतं. पाणी सगळ्यांत आधी तांबडा रंग खातं. मनगटाला बांधलेला देवीचा दोरा बघता बघता मातकट झाला.

दोन खडकांच्या मधे एक घळ होती, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. वरच्या फटीतून ऊन थेट आत उतरलं होतं. वर लाट सरकली की खाली वाळूवर उन्हाची जाळी सरकायची. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्या उन्हात शिरायचे, सावलीत जाताच त्यांचे नुसते काळे पट्टे उरायचे. माझ्या श्वासाचे बुडबुडे कपारीच्या छताला जाऊन चिकटले आणि पाऱ्यासारखे तिथंच डुलत राहिले. पोरानं फोटोसाठी पावाचा चुरा सोडला, मासे तोंडाशी गर्दी करून आले. मला ते पटलं नाही. समुद्रातल्या माशाला पाव कशाला?

पण त्या घळीतून सरकताना मनात होती ती आमच्या पाण्याची वाट. मुळशीत निळा-मुळा संगमाजवळ धरण बांधायला घेतलं, तेव्हा 1921 च्या रामनवमीला मावळातली माणसं ते काम अडवायला जाऊन बसली. सेनापती बापट पुढं होते. 'जान किंवा जमीन' म्हणत ती लढली. जमीन गेली, आंबेमोहराची खाचरं गेली. बावन्न गावांचा हिशेब आजही आमच्याकडं तोंडपाठ असतो. मुळेचं पाणी खरं तर भीमेतून, कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचं. ते अडवून बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून वळवलं आणि सुमारे 500 मीटर खाली, कोकणात भिऱ्याला सोडलं. 1927 पासून तिथं वीज होते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. धरणाकाठच्या वाड्यांवर मात्र कित्येक वर्षं रॉकेलच्या चिमण्याच होत्या. उजेडासाठी खणलेली ती वाट आतून काळीकुट्ट. भिऱ्याहून पाणी कुंडलिकेला मिळतं आणि रेवदंड्याला याच समुद्रात येतं. म्हणजे आमच्या शेतांवरून आलेलं पाणी याच किनाऱ्याला लागतं. मालवण तिथून लांब आहे, ठाऊक आहे मला. तरी त्या उन्हात डोळे फाडून बघत राहिले.

मालवणात आपण पाण्यात उतरतो, पैसे मोजून, हौसेनं. मुळशीत पाणी माणसांवर चढलं. मधे शंभर वर्षं गेली, तरी हा फरक मला मिटवता येत नाही.

होडीत चढल्यावर पोराला विचारलं, "धरणात असं उतरता येतं का रे?"

"येता. पण पाणी गढूळ, काय दिसाचा नाय. थंय बघूचा काय?"

"आज्याच्या घराचं जोतं."

"किती खोल?"

"पावसाळ्यात बरंच. मे महिन्यात पाणी फार ओसरलं, तर कधी उघडंही पडतं."

"मगे मे म्हयन्यात चलान जावा, काकी. सिलिंडर कित्याक व्हयो?"