भक्त आणि भागीदार

ज्यानें आयुष्याचीं चौतीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेण्यांत घालविलीं, त्यानें उतारवयांत फुटबॉलवर लेखणी उचलावी, हें पाहून आमच्या कित्येक स्नेह्यांस हंसूं येईल. चेंडूला पाय लावण्याचें धाडस आम्हीं बालपणीं फार तर दोन-तीन वेळां केलें असेल, आणि त्यांतूनहि चष्मा फुटण्यापलीकडे कांहीं निष्पन्न झालें नाहीं. तथापि या खेळाच्या निमित्तानें आमच्या घरांत एक प्रश्न उभा राहिला. तो खेळापुरता उरला नाहीं; त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचा नातू इयत्ता नववींत शिकतो. इंग्लंडांतील एका फुटबॉल क्लबाचा तो पाठीराखा आहे. तो देश त्यानें पाहिलेला नाहीं, त्या गांवचा एकहि मनुष्य त्याच्या ओळखीचा नाहीं. तरी सामना असला कीं रात्रीं उशिरापर्यंत तो जागत बसतो. एकदां सकाळीं त्याचें तोंड उतरलेलें पाहून आम्हीं कारण विचारलें. तो म्हणाला, "आजोबा, काल आपण हरलों."

आम्ही पडलों व्याकरणाचे मास्तर. आमचें लक्ष पराभवाकडे न जातां त्या सर्वनामाकडे गेलें. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' अशीं दोन सर्वनामें आहेत. इंग्रजींत या दोहोंस मिळून एकच शब्द, आणि संस्कृतांतहि 'वयम्' हें एकच रूप. 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. मुलानें स्वतःस तर त्या क्लबांत घातलेंच होतें, वर आम्हांसहि ओढून घेतलें होतें. आम्हीं थट्टेनें विचारलें, "आपण म्हणजे कोण रे? उद्यां त्या लोकांनीं तुला न विचारतां क्लब दुसऱ्या गांवीं नेला, तर तूं काय करणार?" तो थट्टेवर हंसला नाहीं. "तसं एकदां झालंय, आजोबा," असें म्हणून त्यानें विंबल्डनची हकीकत सांगितली. पुढें आम्हीं ती स्वतः ताडून पाहिली. ती अशी :

विंबल्डन म्हटलें कीं आपल्याकडे टेनिस आठवतें. परंतु लंडनच्या त्याच उपनगरांत १८८९ सालीं एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं फुटबॉलचा क्लब काढला. कित्येक दशकें तो खालच्या पायऱ्यांवर खेळत राहिला; पण १९८८ सालीं त्यानें लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाचा एका गोलानें पराभव करून एफ. ए. कप जिंकला. प्लाउ लेन हें त्याचें मैदान लहान व जुनाट होतें. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचे नवे नियम आल्यावर तें पुरेनासें झालें, आणि १९९१ पासून क्लब दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड करून राहिला. तेथून पुढें त्याचे दिवस फिरले. २००१ सालीं चालकांनीं जाहीर केलें कीं, क्लब लंडन सोडून पन्नासांहून अधिक मैल दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या नगरांत न्यावयाचा. पाठीराख्यांनीं निषेध केला, आरडाओरड केली. अखेर तिघांच्या एका आयोगानें २८ मे २००२ रोजीं दोन विरुद्ध एक मतानें स्थलांतरास परवानगी दिली. त्याच ठिकाणीं पाठीराख्यांनीं नवा क्लब काढणें फुटबॉलच्या व्यापक हिताचें होणार नाहीं, असाहि शेरा त्या आयोगानें मारला होता.

अशा निकालानंतर बहुतेक माणसें चार दिवस चडफडतात आणि मग गप्प बसतात. हीं माणसें गप्प बसलीं नाहींत. पुढच्याच महिन्यांत त्यांनीं विंबल्डन कॉमन या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड ठेविली. ज्यास खेळतां येत असेल त्यानें यावें, असें आवाहन होतें. २३० जण आले. त्यांतून ए. एफ. सी. विंबल्डन हा संघ उभा राहिला, तो अर्थात् इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर. समोरचे संघ लहानसहान गांवांचे. तरी घरच्या सामन्यास सरासरीनें तीन हजारांच्या आसपास लोक येत. २००३ व २००४ या सालांत या संघानें ओळीनें ७८ लीग सामने न हरतां खेळून दाखविले. २०११ सालीं, म्हणजे नऊ वर्षांत पांच पायऱ्या चढून, तो फुटबॉल लीगमध्यें दाखल झाला. नोव्हेंबर २०२० मध्यें तो प्लाउ लेनवर परतला. जुन्या जागेपासून हांकेच्या अंतरावर नवें मैदान बांधलें गेलें होतें, आणि पैसे कमी पडले तेव्हां पाठीराख्यांनीं कर्जरोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली होती. महामारीमुळें पहिल्या सामन्यास त्यांपैकीं कोणासहि आंत बसतां आलें नाहीं. तरी मैदान त्यांचें होतें. या क्लबाची बहुतांश मालकी पाठीराख्यांच्या विश्वस्त मंडळाकडे आहे, आणि त्यांत थोडी वर्गणी देणारा असो कीं मोठा देणगीदार असो, प्रत्येकास मत एकच.

ही हकीकत ऐकून आमच्या मनांत एक धातु घोळूं लागला. 'भज्' धातूचा एक अर्थ सेवा करणें. दुसरा अर्थ वांटणें, वांटा घेणें. याच धातूपासून 'भक्त' शब्द झाला, आणि याच धातूपासून 'भाग', 'विभाग' आणि 'विभक्त' हेहि शब्द झाले. आपल्या ताटांतील 'भात' हा सुद्धां 'भक्त' शब्दाचाच प्राकृतांतून आलेला वंशज होय. भक्त म्हणजे दुरून हात जोडणारा, असें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. पण ज्याचा वांटा आहे तोहि भक्तच, ही गोष्ट धातुपाठ शिकवूनहि आमच्या ध्यानांत आली नव्हती. ती नववींतल्या मुलाच्या 'आपण' या एका शब्दानें आणून दिली.

हल्ली मोठमोठे क्लब पाठीराख्यांशीं नातें दृढ करण्याकरितां नाना प्रयत्न करितात. दरवर्षीं नवा सदरा काढून विकतात, खेळाडूंबरोबर छायाचित्रें काढूं देतात, वाढदिवसास शुभेच्छा पाठवितात. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु हा प्रसाद झाला, वांटा नव्हे. प्रसाद घेऊन मनुष्य घरीं जातो, वांटा असला कीं तो राखण करावयास थांबतो.

बर्लिन शहराच्या पूर्व भागांत युनियन नांवाचा क्लब आहे. २००४ सालीं तो कर्जांत बुडाला, तेव्हां पाठीराख्यांनीं रक्तदान करून त्याबद्दल मिळणारा मोबदला क्लबास दिला. पुढें मैदान मोडकळीस आलें. २००८-०९ मध्यें दोन हजारांहून अधिक पाठीराख्यांनीं, आपापला कामधंदा सांभाळून, सुमारें १,४०,००० तास फुकट राबून त्याची पुनर्बांधणी केली. २०१९ सालीं हा क्लब प्रथमच जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्यें पोंचला. त्या मोसमांतल्या घरच्या पहिल्या सामन्यास पाठीराखे आपल्या मृत आप्तस्नेह्यांचीं मोठीं छायाचित्रें घेऊन आले आणि तीं त्यांनीं उंच धरिलीं. ज्यांनीं जन्मभर वाट पाहिली पण हा दिवस पाहिला नाहीं, त्यांसहि त्या दिवसाचा वांटा मिळावा, एवढाच त्यांतला भाव. पितृपक्षांत पानावर पहिला घांस वेगळा काढून ठेवणाऱ्या आपल्या लोकांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

आपल्या देशांतहि असा प्रसंग घडला आहे. कलकत्त्याचा मोहन बागान क्लब विंबल्डनप्रमाणेंच १८८९ सालीं निघाला. २९ जुलै १९११ रोजीं त्याच्या बहुतांशीं अनवाणी खेळाडूंनीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघास दोन विरुद्ध एक गोलांनीं हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, हें सर्वश्रुत आहे. २०२० सालीं या क्लबाच्या फुटबॉल विभागाचें एका नव्या संघाशीं एकीकरण झालें, आणि जुन्या नांवाच्या आधीं 'ए. टी. के.' हीं तीन अक्षरें आलीं. पैसा आला, चांगले खेळाडू आले, संघ जिंकूंहि लागला. परंतु तीं तीन अक्षरें पाठीराख्यांच्या घशाखालीं उतरेनात. त्यांनीं तीं काढून टाकण्याची मागणी तीन वर्षें लावून धरिली. २०२३ सालीं संघानें विजेतेपद मिळविलें त्याच वेळीं मालकांनीं तीं अक्षरें काढल्याचें जाहीर केलें. विजयानेंहि जें समाधान झालें नव्हतें, तें नांव परत मिळाल्यानें झालें.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील, सर्वांस वांटा दिला तर कारभार कसा चालावा? शंका रास्त आहे. पाठीराख्यांचा क्लबहि हरतो. विंबल्डनच्या संघासहि २०२२ सालीं एक पायरी खालीं उतरावें लागलें आणि पुन्हां वर यावयास २०२५ साल उजाडलें. कोणता खेळाडू घ्यावा, कोणास बसवावें, हें शिक्षकानेंच ठरवावें. आमटींत मीठ किती हें घरांतल्या दहा जणांस विचारून कोणी घालीत नाहीं. परंतु घराचें नांव, घराची जागा आणि घराची रीत यांस हात लावावयाचा, तर घरच्यांस विचारलें पाहिजे. जर्मनींत कांहीं अपवाद सोडल्यास क्लबाच्या मतांपैकीं निम्म्याहून एक तरी मत अधिक सभासदांच्या हातीं असावें, असा नियम १९९८ पासून आहे. इंग्लंडांत २०१६ सालीं लिव्हरपूलच्या चालकांनीं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर नेण्याचें ठरविलें, तेव्हां सामन्याच्या ७७ व्या मिनिटास हजारों पाठीराखे उठून निघून गेले. चार-पांच दिवसांतच चालकांनीं माफी मागून बेत मागें घेतला. २०२५ सालीं तर त्या देशाच्या पार्लमेंटनें कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. क्लबाचें चिन्ह व रंग बदलण्यापूर्वीं, किंवा मैदान सोडण्यापूर्वीं, पाठीराख्यांचें म्हणणें विचारांत घेणें आतां चालकांवर बंधनकारक झालें आहे. जें आपण होऊन द्यावयास हवें होतें, तें कायद्यानें द्यावें लागलें.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. आम्हीं जेथें शिकविलें, ती शाळा तालुक्याच्या गांवांत होती. तिच्या दोन खोल्या माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणींतून आणि गांवकऱ्यांच्या श्रमांतून उठल्या होत्या. दाराशीं वर्गणीदारांच्या नांवांची शिळा बसविलेली होती. आमच्या निवृत्तीस दोन वर्षें उरलीं असतां चालक मंडळानें ती शाळा पंधरा किलोमीटर दूर, हमरस्त्यालगतच्या जागेंत हलविण्याचें ठरविलें. वर्गणीच्या वेळीं 'आपली शाळा' म्हणणाऱ्या मंडळाचें परिपत्रक आलें, त्यांत प्रत्येक वाक्य 'आम्ही'नें सुरू होत होतें. शिक्षकांनीं वाचून खालीं सही करावयाची होती. आम्हीं सही केली. वडीलधाऱ्या संस्थेनें ठरविलें तें योग्यच असेल, असें आम्हीं लोकांस सांगितलें. परंतु निवृत्तिवेतनाचे कागद त्याच कचेरींतून जावयाचे होते, हें खरें कारण. एस्. टी. ची वेळ जुळेना म्हणून कित्येक मुलींची शाळा सुटली. ती शिळा कोठें गेली, हें कोणीं विचारलें नाहीं, आम्हींहि नाहीं.

हें सर्व आम्हीं नातवास सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मग तुम्ही सगळे कुठल्याच माळावर जमला नाहीं?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

गेल्या महिन्यांत आम्हीं आमच्या अकरा माजी विद्यार्थ्यांस पत्रें लिहिलीं. निदान सकाळीं मुलींसाठीं एक गाडी सुटावी आणि ती शिळा शोधून काढावी, याकरितां सर्वांनीं मिळून संस्थेस भेटावें, एवढीच विनंती केली. पत्राचा आरंभ संवयीप्रमाणें 'आम्ही' या शब्दानें झाला होता. तो खोडून 'आपण' असें लिहिलें. आजपर्यंत चार उत्तरें आलीं आहेत. वेळ फार झाला, हें आम्ही जाणतों. परंतु ज्याचा वांटा आहे त्यानें उशिरां कां होईना मागावयास उभें राहावें, हें विंबल्डनच्या लोकांनीं आम्हांस शिकविलें.

नातवाचा क्लब परवांच्या रविवारीं पुन्हां हरला. सकाळीं आम्हींच त्यास विचारलें, "काय रे, आपण किती गोलांनीं हरलों?"