एका पैशाची कसर

आपण काय करता, असा प्रश्न कोणी विचारला म्हणजे आमची थोडी पंचाईत होते. वकिलाने वकिली म्हणावे, वैद्याने वैद्यकी म्हणावे, की विचारणाऱ्याचे समाधान होते. आम्ही 'संगणकाच्या आज्ञावल्या लिहून विकतो' असे म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कोणत्या कंपनीत?" कंपनी नाही, साताऱ्यास यादोगोपाळ पेठेत राहत्या घराच्या माडीवर बसून एकटेच लिहितो, हे सांगितल्यावर विचारणाऱ्याच्या मुद्रेवर जी छाया उमटते, तीत कीव किती आणि संशय किती याचा हिशेब आम्ही अद्यापि लावलेला नाही. आमच्या थोरल्या काकांचा सारा जन्म सरकारी खजिन्यातील कारकुनीत गेला. 2014 साली पुण्याची नोकरी सोडून आम्ही घरी आलो, तेव्हा पहिली दोन वर्षे ते आल्यागेल्यास 'सध्या तो घरूनच असतो' एवढेच सांगत. त्या 'सध्या'त त्यांची सारी आशा साठलेली असे.

आमचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची अडत दुकाने. सांगलीची हळद आजची नव्हे. 2018 साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण तिचा लौकिक त्याहून कितीतरी जुना आहे. शेतकरी पोती आणतो, सौदा निघतो, वजन होते. मग अडत, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती जो कागद पडतो त्यास पट्टी म्हणतात. ही पट्टी छापून देणारी आणि तिच्यावरून दुकानाची खाती लिहिणारी आज्ञावली आम्ही 2018 सालापासून बावीस दुकानांस दिली. दुकानामागे वार्षिक वर्गणी, आणि महिन्यातून एकदा आमची सांगलीची फेरी, असा हा साधा उदीम आहे.

साताऱ्याहून आगगाडीने सांगलीस जाताना वाटेत किर्लोस्करवाडी लागते. कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनानजीकच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आपला कारखाना आणला. तत्पूर्वी बेळगावी असताना, 1903 साली, त्यांनी लोखंडी नांगर तयार केला होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, ही हकीकत आमच्या वाचकांच्या घरोघर ठाऊक असेल. गाडी त्या स्टेशनावर थांबली की आम्हांस दर वेळी वाटे, लक्ष्मणरावांचे एक बरे होते. त्यांचा नांगर निदान दिसत तरी होता. शेतकऱ्याने तो हाती घ्यावा, फाळावर टिचकी मारून पाहावी, एक सरी काढून पाहावी, आणि मग काय ते ठरवावे. आमचा माल कोणास दिसत नाही. तो चांगला चालला तर संगणक चांगला आहे असे म्हणतात, आणि बिघडला तर आम्ही वाईट आहोत असे म्हणतात!

असो. 2022 च्या मार्चअखेरीस एका दुकानच्या दिवाणजींचा दूरध्वनी आला. गृहस्थ सत्तरीच्या घरातील. संगणक आला तरी पेन्सिलीने बेरीज करण्याची त्यांची सवय सुटलेली नव्हती. ते म्हणाले, "साहेब, वर्षाच्या साऱ्या पट्ट्यांची बेरीज मी हाताने केली. तुमच्या खात्याशी सदतीस पैशांचा फरक येतो. बेरीज माझी चुकली की तुमच्या यंत्राची, एवढेच सांगा."

आता लाखोंच्या उलाढालीत सदतीस पैसे ते काय! आम्ही तत्काल उत्तर दिले, "दिवाणजी, कसर खाती टाका आणि मोकळे व्हा." क्षणभर पलीकडून काही ऐकू आले नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "कसर कशाची ते कळले तर ती कसर. न कळता टाकली तर ती चूकच की हो."

या उत्तराने आम्ही वरमलो. त्या रात्री जेवण झाल्यावर माडीवर जाऊन बसलो. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या घरी हिशेब तपासताना एका पैची चूक मध्यरात्री सापडून नाथांनी आनंदाने टाळी वाजविली, ही कथा आईच्या तोंडून लहानपणी शंभर वेळा ऐकली होती. स्वामींनी त्यावर जो उपदेश केला, त्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु त्या टाळीचा अर्थ मात्र पहाटे तीनच्या सुमारास आम्हांस पुरता कळला. चूक सापडली, आणि ती दिवाणजींची नव्हती, आमचीच होती.

ती कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण तीत एक गंमतही आहे. संगणकाचे गणित दोनच अंकांवर, शून्य आणि एक यांवर चालते. त्याचे अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव, आणि त्यांचेही अर्धे. आपल्या दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहू गेले असता 0.333 असे तीन संपता संपत नाहीत. त्याचप्रमाणे यंत्राच्या द्विमान पद्धतीत एकदशांश कधीच पुरा लिहून होत नाही. म्हणून रुपयाचे अपूर्णांक त्याच्या हवाली केले, की ते कोठेतरी हात आखडते आणि जवळची संख्या ठेवते. एक रुपया आणि वर अर्धा पैसा, म्हणजे 1.005, ही रक्कम त्याच्या पोटात 1.00499999 अशी काहीशी जाऊन बसते. अर्धा पैसा वर घ्यावा असा नियम आम्ही लिहिला होता. पण यंत्राच्या लेखी तो अर्ध्याहून केसभर कमी, म्हणून ते त्यास खाली सोडी. शेकडा दराने अडत काढली की असे अर्धे पैसे निघावयाचेच. कधी शेतकऱ्याचा एक पैसा जाई, कधी दुकानाचा. आणि वर्षाअखेर खाते पट्ट्यांशी जुळेना.

गंमत ती पुढेच. आमच्या आजोबांचा आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा, चार वेळा अर्धे केले की मिळतो. जुना पैसा, म्हणजे चौसष्टावा हिस्सा, सहा वेळा अर्धे केले की मिळतो. हे दोन्ही यंत्रास नेमके समजतात! 1957 च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस जो नवा पैसा आला, तो मात्र त्यास समजत नाही. रुपयाखालच्या नव्याण्णव रकमांत पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर पैसे एवढ्या तीनच त्यास तंतोतंत लिहिता येतात. काकांना हे सांगितले तेव्हा आमच्या धंद्याविषयी त्यांनी प्रथमच मनापासून औत्सुक्य दाखविले. ते म्हणाले, "अरे, पण आमच्या खजिन्यात रुपयाचा अपूर्णांक कोणी लिहीतच नसे. रुपये वेगळे, आणे वेगळे, पै वेगळ्या, सारे पूर्णांक." उपाय नेमका हाच होता. सारी रक्कम पूर्ण पैशांत ठेवावयाची, आणि अर्ध्या पैशाचे काय करावयाचे ते यंत्रावर न सोडता आपण ठरवून द्यावयाचे. हे शहाणपण आमच्या व्यवसायाच्या पुस्तकांत पूर्वीपासून छापलेले आहे. आम्ही ते वाचलेही होते. घाईत पाळले नव्हते, इतकेच.

अशा घाईचा परिणाम किती दूर जातो, याचे एक उदाहरण कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराचे आहे. तेथे 1982 च्या जानेवारीत 1000 अंकांवर एक नवा निर्देशांक सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशस्थळापुढचे अंक जवळच्या अंकात न मिळविता नुसते छाटून टाकीत. बावीस महिन्यांनी निर्देशांक 524 च्या आसपास आला. चूक सुधारून पाहिले तेव्हा तो 1098 च्या वर असावयास हवा होता असे निघाले. हजाराव्या भागाहूनही बारीक कपट्यांनी अर्धा बाजार खाल्ला!

दिवाणजींच्या दुकानची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी झाली. पण खरा प्रश्न त्यापुढचा होता. उरलेल्या एकवीस दुकानांत तीच चूक होती, आणि तेथे कोणाचेही लक्ष गेलेले नव्हते. हल्ली दुरुस्ती पाठविणे फार सोपे झाले आहे. मालकास कळतही नाही. रात्री आज्ञावली स्वतःच नवी होते. आम्ही गप्प बसलो असतो तर ब्रह्मदेवासही कळले नसते. सांगावे की न सांगावे?

रात्री जेवताना हा विषय निघाला. बंधुराज म्हणाले, "चूक सुधारली ना? मग डांगोरा कशाला? मुलांच्या फिया वर्गणीवरच चालतात, हे विसरू नकोस." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. घरखर्चाची वही त्यांच्याकडे असते, तेव्हा त्यांच्या मौनाचा अर्थ आम्ही समजलो. इतक्यात वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "भावजी, परवा लोणच्याच्या एका बरणीला बुरशी आली, तेव्हा त्याच घाण्यातल्या बरण्या ज्यांना दिल्या होत्या त्या सगळ्यांना मी फोन केला. कोणाची खराब झाली होती, कोणाची नव्हती. पण न सांगता राहिले असते तर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने बरणी दिली असती?" काका मान खाली घालून जेवत होते. ते एवढेच म्हणाले, "सांगून टाक. झोप तरी लागेल."

आम्ही एकवीस पत्रे लिहिली. चूक काय, कोणत्या तारखेपासून, कोणत्या पट्ट्यांत किती पैशांचा फरक, याची यादी प्रत्येक पत्राबरोबर जोडली, आणि स्वतः जाऊन हातोहात दिली. साऱ्या दुकानांचा चार वर्षांचा फरक मिळून दोनशे रुपयेही भरला नाही. बहुतेक मालक हसले, चहा पाजला, आणि कागद टेबलाच्या खणात टाकते झाले. दोघांनी शेतकऱ्यांच्या खात्यांवर पुढच्या पट्टीत ते पैसे जमा केले. बाकीच्यांनी 'एका पैशासाठी कोणास बोलावू?' म्हणून सोडून दिले. त्यांसही दोष देता येत नाही. 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैसे व त्याखालची सारी नाणी चलनातून गेली. एक पैसा परत करावयाचा म्हटले तरी तो हातावर ठेवावयाचा कसा? ते पैसे ज्यांचे त्यांस पोहोचले नाहीत, ही बोच आम्हांस आहे, आणि ती जाण्याचा मार्ग दिसत नाही.

एका मालकाने मात्र पत्र दोनदा वाचले आणि सरळ म्हणाला, "तुम्ही सज्जन आहात. पण ही एक सापडली. न सापडलेल्या किती असतील?" त्याने त्या महिन्यापासून दुसऱ्या कंपनीची आज्ञावली घेतली. परतीच्या गाडीत आम्ही मनाशी पुष्कळ उत्तरे जुळविली. मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या चुकांच्या दुरुस्त्या जाहीर करते. या शास्त्राचे आचार्य डोनल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथांत चूक दाखविणारास 2 डॉलर 56 सेंट बक्षीस देण्याचा प्रघात पाडला, कारण 256 ही द्विमान गणितातील लाडकी संख्या. परंतु त्या मालकाच्या प्रश्नास यांतले एकही उत्तर पुरे पडत नाही. न सापडलेल्या किती आहेत, हे आम्हांस खरोखरच ठाऊक नाही. त्याचे जाणे आम्हांस लागले. त्याची चूक मात्र काढता आली नाही.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे असत. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद भरून तोंड मातीने बंद केले, की महिनोन्महिने ती कोणाच्या दृष्टीस पडत नसे. 2005 च्या महापुराने त्यांतील पुष्कळशी निकामी केली. पेवात माल ठेवणारा व्यापारी हळद पाहून निश्चिंत होत नसे. पेव ज्याच्या ताब्यात, त्याच्या शब्दावर तो निश्चिंत होई. आमच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. बावीस दुकानांचे पैसे आम्ही बांधलेल्या बंद पेवात पडून असतात. आत ओल शिरली आहे हे प्रथम आम्हांसच कळणार; आणि ते आम्ही सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार?

क्नुथ महाशयांच्या चालीवर आम्ही दिवाणजींस साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची पेटी नेऊन दिली. ती त्यांनी घेतली, एक पेढा तोंडात टाकला, आणि लगेच त्या दिवसाच्या पट्ट्या पुढे ओढून पेन्सिलीने बेरीज मांडली. त्यानंतरच्या प्रत्येक मार्चअखेरीस त्यांची बेरीज आमच्या खात्याशी पैशापर्यंत जुळली आहे. मागल्या फेरीस आम्ही सहज विचारले, "दिवाणजी, आता तरी विश्वास बसला ना? मग ही पेन्सिल कशाला?" ते चष्मा पुसत म्हणाले, "विश्वास आहे म्हणून तर वर्षातून एकदाच करतो. नाहीतर रोज केली असती." आम्ही घरी येऊन हे सांगितले, तेव्हा काका मोठ्याने हसले. परवा एका पाहुण्यांनी त्यांस आमचा व्यवसाय विचारला. काका 'सध्या' म्हणाले नाहीत. "त्याचा सांगलीस हिशेबाचा धंदा आहे," असे म्हणाले, आणि पाहुण्यांस आणा आणि नवा पैसा यांतील फरक समजावून सांगू लागले.