पुस्तके हाताळू नयेत

हायस्कुलातल्या ग्रंथालयाची व्याख्या करायची झाली तर ती अशी करता येईल : जिथे पुस्तकं कपाटात असतात, कपाटं कुलपात असतात, कुलपांच्या किल्ल्या हेडमास्तरांच्या खणात असतात आणि हेडमास्तर मीटिंगला गेलेले असतात, त्या जागेस ग्रंथालय असे म्हणतात. ही व्याख्या कुठल्याही शास्त्रीय ग्रंथात सापडणार नाही. सापडली तरी उपयोग नाही, कारण तो ग्रंथही कुलपातच असणार.

आमचं राहाता हे नगर-मनमाड रस्त्यावरचं गाव. बाहेरचा माणूस ‘राहाता’ म्हटल्याबरोबर ‘म्हणजे शिर्डीच्या अलीकडे की पलीकडे?’ असं विचारतो. नगरहून आलात तर अलीकडे आणि मनमाडहून आलात तर पलीकडे, असं त्याचं प्रामाणिक उत्तर आहे. मी शाळेत होतो तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, राहाता कोपरगाव तालुक्यात होतं. १९९९ साली ते स्वतःच तालुका झालं. २०२४ साली जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं. गाव जागचं हललं नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला. बदललं नाही ते एकच : पेरू. हिवाळ्यात एस. टी. थांबली की खिडकीत आधी पेरूची पाटी यायची आणि मग ती पाटी धरणारं माणूस दिसायचं.

तर अशा पेरूच्या गावात आमचं हायस्कूल होतं. नाव सांगत नाही, कारण त्या जागी महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायस्कुलाचं नाव घाला, चपखल बसेल. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेच्या अर्ध्या खोलीत उभी केलेली तीन काचेची कपाटं. मध्ये पार्टिशन नव्हतं, त्यामुळे ज्ञान आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्हींचा लाभ एकदम होई. तीनपैकी एका कपाटाची किल्ली आमच्या आधीच्या एका पिढीत हरवली होती. त्या कपाटातली पुस्तकं आम्ही पाच वर्षं काचेतून पाहिली. त्यांच्या पाठींवरची नावं मला अजून तोंडपाठ आहेत. आत काय होतं, देव जाणे.

आणि भिंतीवर होती नियमांची पाटी. शांतता राखावी. पुस्तके हाताळू नयेत. पानांचे कोपरे दुमडू नयेत. हात स्वच्छ धुऊन यावे. खाद्यपदार्थ आणू नयेत. सलग दोन आठवडे एकच पुस्तक मिळणार नाही. पुस्तक हरवल्यास दुप्पट किंमत वसूल केली जाईल. ग्रंथपालांचा निर्णय अंतिम राहील. ‘पुस्तके हाताळू नयेत’ हे वाचून एका गुणी मुलाने ‘मग सर, वाचायची कशी?’ असं विचारलं होतं. त्याला उत्तर म्हणून ‘शांतता राखावी’ या कलमाकडे बोट दाखवण्यात आलं.

आता गंमत पाहा. ज्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांना आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांचा मथितार्थ असा, की पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय हे वाढत राहणारं जिवंत शरीर आहे. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्राची अंमलबजावणी आमच्या शाळेत हजेरी नंबराप्रमाणे होत असे.

पद्धत अशी : वर्गात पोरं त्रेचाळीस. शनिवारी ग्रंथालयाच्या तासाला सर त्रेचाळीस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन येत. ज्याचा जो नंबर, त्याला गठ्ठ्यातलं त्या क्रमाचं पुस्तक. पुढच्या शनिवारी प्रत्येक पुस्तक एक नंबर पुढे सरके. म्हणजे सातव्या नंबराला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मिळाला आणि तुमचा नंबर एकतीस असला, तर तुम्ही चोवीस शनिवार थांबायचं. मध्ये दिवाळीची सुट्टी, सहामाही परीक्षा आणि कुणीतरी पुढारी वारल्याची सुट्टी धरली, तर फेणे तुमच्यापर्यंत यायला वर्ष सरायचं. तोवर तुमच्या वाट्याला कुक्कुटपालन, टायफॉइडपासून बचाव, पंचवार्षिक योजनेची फलश्रुती असं जे येईल ते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ग्रंथालयात नव्हत्याच. त्या बाकाखाली होत्या आणि तिथला कारभार हजेरी नंबराशिवाय अत्यंत सुरळीत चाले.

पण हे नियम सरांनी दुष्टपणाने केले होते असं कुणी समजू नये. सर होते अर्धवेळ ग्रंथपाल. ‘अर्धवेळ’ याचा अर्थ पगार अर्धा. वेळ मात्र पूर्ण, कारण उरलेल्या वेळात त्यांच्याकडे रजिस्टरं, परीक्षेच्या सायक्लोस्टाइल आणि गैरहजर मास्तरांचे तास असत. शाळेची बाकं, घंटा, पृथ्वीचा गोल आणि हार्मोनियम ज्या डेडस्टॉक रजिस्टरात मांडलेली असतात, त्याला खेटूनच पुस्तकांचं दाखलनोंद रजिस्टर ठेवलेलं असतं. पुस्तक आलं की त्याला नंबर पडतो आणि त्या क्षणापासून ते वाङ्मय न राहता मालमत्ता होतं. वर्षाअखेर मोजणी होते. शिक्षकांनी शिकवलेलं किती पोरांच्या डोक्यातून हरवलं याची मोजणी नसते. एक पुस्तक कमी भरलं तर मात्र त्याची किंमत कुणाकडून तरी वसूल करावी लागते, आणि ते ‘कुणी तरी’ बहुतेक वेळा अर्ध्या पगाराचं असतं. अशा माणसाने पुस्तकं हाताळू दिली नाहीत, तर त्याला कोणत्या तोंडाने बोल लावणार?

ही भीती तशी पुरातन आहे. विलायतेत हेरफर्डच्या चर्चमध्ये जुनी पुस्तकं कपाटाला लोखंडी साखळीने बांधलेली अजून पाहायला मिळतात. आमच्या गाईम्हशींना असते तशी. आपल्याकडे साखळीचा खर्च परवडत नाही म्हणून आपण नियम करतो. पण याच आपल्या जिल्ह्यात, नगर शहरात, १८३८ साली वाचनालय निघालं होतं. पेशवाई बुडून तेव्हा कशीबशी वीस वर्षं झाली होती. पुढे १९६७ साली राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. सार्वजनिक वाचनालयांना अनुदान आलं, वर्ग आले, तपासणी आली. शाळेचं कपाट बिचारं शाळेच्याच हवाली राहिलं.

आता नियमांमागून वाट कशी निघते ते सांगतो. ही गोष्ट आमच्या वर्गातल्या सतरा नंबराची. त्याचं नाव सांगत नाही, नंबर पुरे. ऑगस्टात त्याच्या वाट्याला आलं फळबागांच्या लागवडीचं पुस्तक. इतर पोरांनी त्याची कीव केली. शेजारच्या सोळा नंबराने तर ‘सुटलो!’ म्हणून त्याच्या हातात ते पुस्तक ढकललं. सतरा नंबराच्या वडिलांनी त्याच वर्षी दोन एकर पेरूची बाग वाट्याने घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच. माणूस कष्टाळू, पण अक्षरशत्रू. संध्याकाळी कंदिलाशी बसून पोरगं वाचायचं आणि बाप ऐकायचा. एखादं वाक्य आवडलं, की ‘पुन्हा वाच’. नाही पटलं, की ‘काय लिवलंय त्याच्यात! ह्या लिवणाऱ्यानं कधी दारं धरलीत का रं?’

पेरू हे झाड सोपं वाटतं, पण त्याला बहार धरावा लागतो. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा. पानं गळू द्यायची, काळीज घट्ट करून बघत बसायचं आणि मृगाच्या सुमाराला पुन्हा पाणी सोडायचं, म्हणजे हिवाळ्यात फळ गोड निघतं. लखनौ-४९ म्हणजेच ‘सरदार’ ही जात नावाने लखनौची असली तरी तिची निवड पुण्याच्या गणेशखिंडीत झालेली आहे, हेही आमच्या वर्गाला त्याच पुस्तकाने शिकवलं. सगळ्या वर्गाला कसं, ते आता येतंच.

एका शनिवारात हे पुस्तक संपणारं नव्हतं. आणि सलग दोन आठवडे मिळणार नाही, हा तर नियमच. मग आम्ही नियम तंतोतंत पाळायचं ठरवलं. दुसऱ्या शनिवारी पुस्तक अठराच्या नावावर गेलं, मधल्या सुट्टीत सतराच्या पिशवीत. तिसऱ्या शनिवारी एकोणीसच्या नावावर, पुन्हा सतराच्या पिशवीत. असं ते पुस्तक दर शनिवारी नोकरदारासारखं शाळेत यायचं, सही करायचं आणि दुपारी वस्तीवर परत जायचं. विसाहून जास्त नावांवर ते फिरलं, पण राहिलं एकाच घरात. मोबदल्यात प्रत्येकाला एक पेरू मिळायचा, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. उलट आपला नंबर कधी येतो याची पोरं वाट पाहू लागली. फळबागेच्या पुस्तकासाठी अशी चढाओढ आमच्या शाळेच्या इतिहासात झाली नव्हती.

सरांना हे कळलं केव्हा? प्रत्येक पुस्तकात शिक्क्याचं एक ‘गुप्त पान’ असतं. पहिलं पान फाडून कुणी पुस्तक पळवलं, तर मालकी सिद्ध करायला आतल्या एका ठरलेल्या पानावर नंबर घालून ठेवतात. सर पुस्तक परत घेताना ते पान तपासायचे. या पुस्तकात त्यांना दर शनिवारी पेरूच्या झाडाचं एक पान खुणेला घातलेलं सापडे, आणि ते आदल्या आठवड्यापेक्षा दोन-तीन पानं पुढे सरकलेलं असे. वर्गातली पोरं एकामागून एक, मागच्याने जिथे सोडलं तिथूनच वाचायला लागतात, हा चमत्कार कुठल्याही ग्रंथपालाच्या लक्षात येईल. सर काही बोलले नाहीत. खूण जिथे होती तिथेच ठेवून पुढचा नंबर पुकारायचे.

खरी पंचाईत मार्चात झाली. वार्षिक परीक्षेआधी सगळी पुस्तकं जमा, मग मोजणी, मग कुलूप. आणि बागेला ताण द्यायचा एप्रिल-मेमध्ये! वडिलांनी पाणी तोडण्याचं प्रकरण पुन:पुन्हा वाचून घेतलं होतं, पण हातचं पाणी तोडायचा धीर होत नव्हता. ‘पुस्तक संगं असलं म्हंजी बरं आसतं,’ असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर उशाशी असावा तसं. ते स्वतः शाळेत आले, टोपी सावरत कपाटापाशी उभे राहिले. म्हणाले, “मास्तर, दोन म्हैनं. लई तर मिरगापत्तुर.”

सरांनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर याला जागा नव्हती. मग त्यांनी रजिस्टर उघडलं, शेऱ्याच्या रकान्यात टाकाने सुबक अक्षरात लिहिलं, ‘बांधणीसाठी बाहेर’, आणि पुस्तक त्या माणसाच्या हातात दिलं. पुस्तक आलं नसतं तर सरांच्या अर्ध्या पगारातून त्याची दुप्पट किंमत गेली असती. सरांच्या घरी तेव्हा खाणारी तोंडं सहा होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात पुस्तक आलं. पोत्याच्या स्वच्छ धुतलेल्या कापडाचं कव्हर, दाभणाने सुतळीची भक्कम शिलाई. रजिस्टरातलं वाक्य खोटं पडू नये म्हणून बापाने ते खरोखरच बांधून आणलं होतं! सरांनी गुप्त पान तपासलं, ‘बांधणी होऊन परत’ असं लिहिलं आणि खाली सही केली. शासकीय दप्तरात इतकी खरी नोंद क्वचितच सापडेल.

त्या हिवाळ्यात पहिल्या तोडीची पाटी घेऊन बापलेक शाळेत आले. सर पाटीकडे बघत म्हणाले, “खाद्यपदार्थ ग्रंथालयात आणू नयेत.” आणि उंबऱ्याबाहेर येऊन, व्हरांड्यात उभं राहून त्यांनी एक पेरू खाल्ला. मग हात धुऊन आत गेले. नियम म्हणजे नियम.

हल्ली काळ पालटला आहे. २०१५ सालापासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. सातारा जिल्ह्यात भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि कुणीही जाऊन हाताळावीत, अशी व्यवस्था आहे. ऑक्टोबरातल्या त्या दिवशी काही शाळांतून कपाटं उघडतात, धूळ झटकली जाते, पोरं ओळीत बसून पुस्तक उघडतात, फोटो निघतो. फोटो वर पाठवला, की कपाट बंद. प्रेरणा वर्षभर पुरवायची असते.

तपासणीला आलेले साहेब रजिस्टर पाहून ‘एकही पुस्तक गहाळ नाही, समाधानकारक’ असा शेरा मारतात. माझी त्यांना एक नम्र सूचना आहे. पुस्तकांच्या मागे तारखांची पट्टी चिकटवलेली असते, ती एकदा उलटून पाहावी. ज्या पुस्तकाची पट्टी दहा वर्षं कोरी आहे, ते हरवलेलंच समजावं. फक्त ते कपाटात हरवलेलं असल्यामुळे त्याची वसुली कुणाकडून होत नाही, एवढंच.