डाव्या डोळ्यातलं फूल

पिशवीतून पाकोळी, म्हणजे किडे खाणारं छोटं वटवाघूळ, काढली की मी आधी तिचे डोळे बघते. वजन, पंखांचा पडदा हे नंतर. पानासारख्या नाकाच्या पाकोळीचा डोळा मोहरीएवढा, तोही केसांत दडलेला. फुंकर घालून केस बाजूला केल्याशिवाय नीट दिसत नाही. एकदा गुहेच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात आलेल्या मादीचा डावा डोळा दुधाळ होता. समोरून टॉर्च मारली तर नुसतं पांढरं दिसलं. तिरपी धरली तेव्हा कळलं, पांढुरकेपणा वरवर आहे, आतलं भिंग स्वच्छ आहे. मोतीबिंदू नव्हे, फूल पडलं होतं. पोट मात्र टम्म भरलेलं. मी ‘डावा’ असं सांगितलं, तेव्हा वही धरलेल्या मुलाने नेहमीसारखं विचारलं, “कुणाचा डावा, ताई? तिचा की तुमच्या हाताकडचा?” हे विचारायलाच हवं. तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं हटकून उलटतं.

अशी भरल्या पोटाची आंधळी वटवाघळं स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पाहिली होती. त्याने मुद्दाम आंधळी करून सोडलेली काही परत सापडली, तर त्यांच्या पोटात डोळसांइतकेच किडे. वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. अशी वटवाघळं वाट आणि किडे शोधायला आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात, हे यंत्राने टिपायला मात्र १९३८ साल उजाडलं.

वडावरच्या मोठ्या वटवाघळाला या आवाजाचा आधार नाही. फळ, फांदी, घरचा वड, सगळं डोळ्यांनी आणि नाकाने. त्यामुळे डोळे गेलेलं वटवाघूळ मला उडताना कधी सापडलेलं नाही. सापडतं ते झाडाखाली, तेही कुत्र्यांच्या आधी आपण पोचलो तर. माझ्या वहीत अधू डोळ्यांच्या पाकोळ्या जास्त आहेत, त्या निभावल्या म्हणून. न निभावलेल्यांची नोंद कुठल्या जाळ्यात होणार?

गेल्या उन्हाळ्यात असंच एक वडाखाली पडलेलं होतं. जाड हातमोज्यातूनही छातीचं हाड बोचत होतं. दोन्ही बाहुल्यांत आत खोल, दह्यासारखं पांढरं. डोळ्यांसमोर बोट नेलं, पापणी लवली नाही. केळ्याचा तुकडा नाकाशी नेला, तशी मान लगेच वळली आणि जीभ बाहेर आली. काटा, तार, मांजा, जंतू, वय, मनात सगळं येऊन गेलं. पाहिलेलं तेवढंच लिहिलं: दोन्ही डोळे, भिंग. ‘कारण’ हा रकाना कोरा ठेवला आणि दुसरा तुकडा कापला.