गोधडीचे हप्ते

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात फारसं काही एकरकमी दिसत नाही. घर, फटफटी, पोरांची शिक्षणं, सगळं हप्त्यांनी. पण गोधडीसुद्धा हप्त्यांनी होते, हे ज्ञान मला मेव्हणीकडून मिळालं, आणि तेही थेट न्यू जर्सीहून.

तिने तिकडे एका दुकानात नाव नोंदवलं होतं. दर महिन्याला एक पाकीट घरपोच येणार. आत कापलेलं कापड आणि एका चौकोनाचा नकाशा. असे बारा चौकोन शिवून जोडले की ऐन नाताळात पांघरायला गोधडी तयार. हप्ता महिना तीस डॉलर. फोनवर तिने पहिला चौकोन दाखवला. मधोमध तारा, भोवती हिरवे-तांबडे त्रिकोण. मी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि अडीच हजारांच्या आसपास येऊन दम खाल्ला.

आई शेजारी गवार निवडत होती. फारच आश्चर्य वाटलं की ती अहिराणीत शिरते.

"पैसा दीसन चिंध्या लेतस?"

"चिंध्या नाही हो मावशी, कोरं कापड असतं," मेव्हणी म्हणाली.

"कोरं? मग फाडतात कशाला?"

याचं उत्तर न्यू जर्सीकडे नव्हतं. तिकडच्या लोकांचं गोधडीप्रेम मात्र जुनं आहे. 'कॅन्सस सिटी स्टार' हे वर्तमानपत्र १९२८ ते १९६१ अशी तब्बल तेहेतीस वर्षं गोधडीचे नमुने छापत होतं. आपल्याकडे वर्तमानपत्राचा गोधडीशी संबंध एवढाच, की ती घडी करून ठेवताना मध्ये कागद घालतात. आणखी गंमत म्हणजे अमेरिकेतले जुने कपडे गठ्ठ्यांनी आपल्या पानिपतला येतात, तिथे त्यांचा धागा काढून ब्लँकेटं विणतात. म्हणजे त्यांच्या चिंध्या आपण पांघरायच्या आणि त्यांनी कोरं कापड फाडायचं. कॉमर्सच्या पदवीत हा व्यापार मला कोणी शिकवला नाही.

हे बोलणं झालं ते डिसेंबर २०२२ मध्ये, दत्तजयंतीच्या सुमारास. आमचं सारंगखेडा तापीकाठी. इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा आणि यात्रेतला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, असे घोडे इथे येतात. आणि घोडे बघायला पाहुणे येतात. घोड्यांना थंडीत झूल असते. पाहुण्यांना गोधडी लागते. दरवर्षी माझी गोधडी कुठल्यातरी मावसभावाच्या अंगावर जाते आणि मी सतरंजीत.

त्यातच मेव्हणीने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी नाताळच्या रजेत यात्रेला येते." कॅलेंडर काढलं. २०२३ ची दत्तजयंती २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी. सौभाग्यवतीने तिथल्या तिथे ठरवलं, की बहिणीला द्यायला आपणही महिन्याला एक चौकोन करायचा. मार्गशीर्ष ते कार्तिक बारा चौकोन. मग पुढच्या मार्गशीर्षात यात्रेपर्यंत पंधरा दिवस टाके घालायला. मला ही आवर्त ठेव पसंत पडली.

आईला नाही पडली. गोधडी उन्हाळ्यात घालायची, अंगणात पसरून, चार बायका चार बाजूंनी बसून. बारा महिने चौकोन कसले करता? पण कापड तिच्याच पेटीत होतं. आमच्या घरातल्या साड्या एकतर नायलॉनच्या, ज्या गोधडीत ठरत नाहीत, नाहीतर इतक्या नव्या की त्यांचे हप्ते अजून चालू. त्यामुळे दर महिन्याला आई पेटी उघडायची, एक लुगडं काढायची, आणि कापडाआधी त्याची हकिगत द्यायची. हे माझ्या बारशाचं. हे आत्याच्या लग्नात मानपानावरून रुसून मिळवलेलं. हे बाबांनी पहिल्या पगारवाढीत आणलं, रंग बघून आई दोन दिवस बोलली नव्हती, आणि मग तेच सगळ्यात जास्त नेसली. त्या पेटीत आमच्या घराचं चाळीस वर्षांचं पासबुक होतं, आणि मी बँकेत असून ते कधी भरून घेतलं नव्हतं.

जुलैत घोटाळा झाला. अधिक श्रावण निघाला.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी कमी पडतं. तो फरक साठत जातो, आणि पुरेसा साठला की पंचांगवाले एक महिना जादा टाकून हिशेब जुळवतात. आमच्या बँकेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. अधिक मासाचं वाण आणायला ही धुळ्याला माहेरी गेली आणि येताना जावयासाठी तेहेतीस अनारसे आणि स्वतःसाठी एक विटका परकर घेऊन आली. आधी हिने वापरलेला, मग धाकटीने. "हा तेरावा चौकोन!"

तेराला कशानेही भाग जात नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. बाराची तीन गुणिले चार अशी देखणी गोधडी होते. तेराव्याला बसवायचं कुठे? मी कागदावर सहा आकृत्या काढल्या. आईने आकृत्या पाहिल्या नाहीत. परकराचा चौकोन घेतला, दोन तिरक्या घड्या घालून कापला, आणि चार त्रिकोण चार कोपऱ्यांवर ठेवले. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडचे सिद्दी लोक गोधडीला कवंदी म्हणतात, आणि तिच्या चारी कोपऱ्यांना अशीच त्रिकोणी फुलं लावतात. त्यावाचून त्यांना कवंदी उघडी वाटते. आई हल्याळला कधी गेलेली नाही.

भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, आईने लुगडं दिलं नाही. बाबांचा खादीचा झब्बा दिला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. हिने कात्री उचलली तशी आई म्हणाली, "खिसा राहू दे." तो राहिला. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर असतो तसा, रिकामा.

मार्गशीर्षात टाके सुरू झाले. आईचा एक डोळा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, दुसरा रांगेत. त्यामुळे रोज बँकेत जाण्याआधी मी बारा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायचो. दोघी समोरासमोर बसायच्या. हिचा धावदोरा पट्टीने आखल्यासारखा, आईचा बाजारातून सुटलेल्या शिंगरासारखा. एरवी वाटणातलं मीठसुद्धा परत चाखून बघणारी माझी बायको, पण तिने त्यातला एकही टाका उसवला नाही.

मेव्हणी आली. तिच्या बारा चौकोनांपैकी पाच शिवून झाले होते. उरलेली सात पाकिटं तिने बॅगेत घालून आणली होती, इथे वेळ मिळेल म्हणून. यात्रेत वेळ मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. रात्री घोडेबाजारातून कुडकुडत परतल्यावर तिच्या अंगावर आम्ही गोधडी टाकली. कोपरा हातात आला तशी ती उठून बसली. "ताई, हा आपला परकर!" मग दोघी बहिणी बराच वेळ हसत होत्या आणि मध्येच हसत नव्हत्या.

जायच्या दिवशी गोधडीची घडी घालताना तिचा हात झब्ब्यापाशी थांबला. "मावशी, हे काकांचं. ही तुमच्याकडेच राहू दे."

ही माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे.

आईने घडी उलटून खिसा वर आणला. "खिसा आहे ना," ती म्हणाली, "पासपोर्ट ठेवायला होईल."

गोधडी गेली. बॅगेत तिच्यासाठी जागा व्हावी म्हणून सात पाकिटं मागे राहिली. आई म्हणते, कोरं कापड अंगाला टोचतं. पाच-सहा वर्षं घरात वापरून, धुऊन मऊ झालं, की मग बघू. तोवर ते स्वयंपाकघरात असतं. परवा सांडशी सापडेना, तेव्हा आईने उतू जाणारं दूध एका अमेरिकन ताऱ्याने धरून उतरवलं.