दोन सुया, एक दोरा

मराठीत 'चांभारचौकशी' असा एक शब्द आहे. नसती उठाठेव, फुकटच्या पृच्छा, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. नगरच्या माळीवाड्याजवळ एका चर्मकाराच्या दुकानात दोन महिने दर शनिवारी बसल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा शब्द ज्याने घडवला त्याने चांभाराला कातडे विकत घेताना कधी पाहिलेच नसावे. (नगर म्हणजे 2024 पासूनचे अहिल्यानगर. कागदोपत्री नवे नाव आले. बोलण्यात पूर्वीही 'नगर'च होते आणि अजूनही तेच आहे.)

पण आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर कोणी भजनी मंडळात जाते, कोणी नातवंडांत रमते. मला हातांना काम हवे होते. पुण्यात भाचीकडे मी एक चामड्याची पिशवी पाहिली. वरून उघडी, दोन लांब बंद, भाजीही मावेल आणि पुस्तकेही. तिला 'टोट' म्हणतात म्हणे. किंमत ऐकली आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावली. घरी येऊन मी जाहीर केले, "अशी पिशवी मी स्वतः शिवणार!" आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता विचारले, "आणि माझ्या शर्टाचे बटण?"

मामांनी (त्यांना सगळा बाजार मामाच म्हणतो) माझी हकिकत शांतपणे ऐकून घेतली. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, खाली पाण्याची कुंडी, समोर घासून घासून मध्ये खोलगट झालेला दगड. म्हणाले, "शिकवतो बाई, पण फी घेईन. आमच्या बापानं लई फुकट काम केलं."

'फुकट' अगदी खरे नव्हे. गावाच्या जोड्यांची, आसुडांची, मोटांची वर्षभर दुरुस्ती करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागायचा, असे ते बलुते होते. वाटा किती ते देणारा ठरवी. त्यामुळे मामांनी फी सांगितली ती मी एका शब्दाने कमी करायला सांगितली नाही.

पहिल्या शनिवारी त्यांनी मला कातडे वाचायला शिकवले. 'वाचायला' हा माझा शब्द, शाळामास्तरणीची खोड. पाठीकडचे कातडे घट्ट आणि एकसारखे असते. पोटाकडचे सैल, ताणले की पसरणारे. पिशवीचे बंद पोटाच्या कातड्यातून काढले तर चार महिन्यांत ते गुडघ्यापर्यंत लोंबतील. गोचीड चावल्याच्या खुणा, काट्याचे ओरखडे, सोलताना मागच्या बाजूला सुरी लागल्याच्या जागा, हे सगळे बोटांनी शोधायचे. जनावर कसे जगले ते त्याच्या पाठीवर लिहिलेले असते.

एकदा माल घेऊन आलेल्या एका तरुण विक्रेत्याला मामा असेच विचारत होते. कमावले कशात? साल की क्रोम? पाणी किती पिते? तो वैतागून बोलून गेला, "मामा, किती चांभारचौकशा!" आणि लगेच जीभ चावली. दुकानात क्षणभर कोणी बोलेना. मामा कातडे उलटेपालटे करीतच म्हणाले, "चांभार हाय मी. मी न्हाई करायची तर कुणी करायची?"

साल की क्रोम, हा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे तांबूस, ताठ असते. उन्हाने आणि हाताळण्याने त्याचा रंग गडद होत जातो. क्रोमची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. सालीत आठवडे जातात, क्रोममध्ये काम लवकर होते आणि कातडे मऊ निघते, म्हणून जगातले बहुतेक चामडे आज क्रोमचे असते. आम्ही घेतले ते म्हशीचे, सालीत कमावलेले, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे. 2015 च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून मामांच्या दुकानात म्हैस आणि शेळी एवढेच.

मग कागदाचा नमुना. पुढचा-मागचा भाग प्रत्येकी चौदा इंच रुंद, बारा इंच उंच, तळ चार इंचांचा, बंद दोन. कापडाला कात्री चुकली तर दोरा उसवून पुन्हा शिवता येते. चामड्याला एकदा पडलेले भोक कायमचे. म्हणून तीन शनिवार मी नुसत्या कातरणांवर रापीने सरळ रेघा कापल्या. रापी म्हणजे रुंद पात्याचा चांभारी चाकू. ती दाबायची नाही, चालवायची. चाळीस मुलांच्या वर्गाला शांत करणारा माझा हात या पात्यापुढे पहिले दोन शनिवार थरथरत होता.

शिलाई हा सगळ्यांत गोडीचा भाग. मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई. आरीने भोक पाडायचे. एक सुई डावीकडून, दुसरी उजवीकडून, त्याच भोकातून, आणि दोन्ही हात फाकून दोरा आवळायचा. शिवणीच्या लांबीच्या जवळजवळ चौपट दोरा लागतो. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सुटू लागतात. हातशिलाईत एक टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूने गेलेला दोरा शिवण धरून ठेवतो. मोटा अशाच भक्कम शिवलेल्या असत, मामा म्हणाले. पाण्याने भरलेली मोट विहिरीतून दिवसभर वर-खाली. टाका कच्चा असेल तर निम्मे पाणी परत विहिरीत.

अर्धवट पिशवी घरी आणली तेव्हा मला खरी धास्ती सासूबाईंची होती. वय ऐंशीच्या पुढे, सोवळे-ओवळे कडक. त्यांनी पिशवी मागून घेतली, नाकाशी धरली आणि कितीतरी वेळ तशाच बसल्या. त्यांचे माहेर पाथर्डी तालुक्यातले. "मोटेचा वास आहे गं," एवढेच म्हणाल्या. मग संध्याकाळभर सांगत राहिल्या: धावेवरून उतरणारे बैल, थारोळ्यात रिकामी होणारी सोंड, पहाटेची ती करकर. इंजिने आणि विजेचे पंप आले आणि मोट गेली. "ती शिवायला यायचा त्याला आम्ही अंगणातच बसवायचो," असे म्हणून त्या थांबल्या, आणि पिशवी त्यांनी देवघराशेजारच्या खुर्चीवर ठेवली.

हे मी मामांना सांगितले नाही. त्यांनी मात्र मला बरेच सांगितले. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि इथे गदारोळ झाला, त्याचे कात्रण त्यांनी जपून ठेवले आहे. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. "आपलं नगर त्यात न्हाई," मामा हसले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात स्वतः चपला शिवून जनरल स्मट्सना दिल्या होत्या, ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारले, "टाका कसा होता?"

मुलाला त्यांनी हा धंदा शिकवला नाही. तो नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. शाळेत असताना मुले त्याला बापाच्या धंद्यावरून चिडवीत, तो दप्तर टाकून पळून येई. तेव्हाच मामांनी त्याच्या हातातून आरी काढून घेतली. "तुम्ही शिवता तर लोक कौतुक करत्यात, बाई. त्यानं शिवलं असतं तर?" मी पस्तीस वर्षे वर्ग घेतले, पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शेवटच्या शनिवारी बंद बसवत होते. बंदांच्या मुळाशी सगळा भार येतो, म्हणून तिथे आतून चामड्याचा जादा तुकडा लावतात. तेवढ्यात पाळी संपवून मुलगा दुकानात आला. माझ्या हातातली पिशवी त्याने सहज घेतली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"शेवटी दोन टाके मागं घ्या, बाई. मग दोरा कापा."

मामांनी वर पाहिले. "तुला कुणी सांगितलं रे?"

"कुणी न्हाई. लहानपणी इथंच तर बसायचो."

मामा काही बोलले नाहीत. गल्ल्यातून पैसे काढले आणि समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले.