बैलघोड्याच्या गेटातून आत

आयुष्यभर ज्या हॉस्पिटलचा उपयोग फक्त पत्ता सांगायला केला, तिथे एका सकाळी चिंगीला चादरीत गुंडाळून न्यावं लागलं. परळची एक वेगळीच सफर.

परळ-लालबागच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा’ म्हणा, पुढे काही सांगावं लागत नाही. मैत्रिणीला भेटायला बोलवायचंय? ‘बैलघोड्याच्या गेटपाशी थांब.’ कुरियरवाला चुकलाय? ‘अरे, बैलघोड्यापासून सरळ ये.’ खरं नाव भलंमोठं आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर अॅनिमल्स. पण एवढं कोण बोलणार? बैलांचं-घोड्यांचं हॉस्पिटल ते बैलघोडा, विषय संपला! मी काळाचौकीच्या चाळीत वाढले. पण सत्तावीस वर्षांत त्या गेटातून एकदाही आत गेले नव्हते. गेल्या वर्षी जावं लागलं.

त्याचं कारण चिंगी. जात शुद्ध गावठी, एक कान उभा, एक पडका. नऊ वर्षांपूर्वी ऐन पावसात माझ्या भावाने तिला जिन्याखालून उचलून आणलं होतं. ‘दोन दिवस ठेवू,’ बाबा म्हणाले होते. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

फक्त एक आकडा

सुरुवात पाण्याने झाली. चिंगी वाटीच्या वाटी पाणी पीत होती, पण जेवणाकडे बघत नव्हती. आम्हाला वाटलं, उकाडा असेल. तिसऱ्या दिवशी तिने उलट्या केल्या आणि कोपऱ्यात जी बसली, ती माझ्या चपलांचा आवाज ऐकूनही उठली नाही. तेव्हा मात्र सॉलिड टेन्शन आलं. ऑफिसमधून आल्या पावली तिला दादरच्या एका क्लिनिकमध्ये नेलं.

सोनोग्राफी झाली. पायोमेट्रा. म्हणजे गर्भाशयात पू. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी हे होऊ शकतं. गर्भाशय काढणं हाच खात्रीचा उपाय. उशीर झाला तर ते फुटतं, विष अंगभर पसरतं आणि मग हातात काही राहत नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं आणि एका कागदावर आकडा लिहून दिला. बेचाळीस हजार. त्यातले वीस अॅडमिट करतानाच भरायचे.

‘सकाळपर्यंत ठरवा मॅडम. त्याहून जास्त थांबू नका.’

तारीख होती पंचवीस. बॉस, पंचवीस तारखेला आपल्या अकाउंटला काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्याकडे होते चार हजार आठशे, आणि क्रेडिट कार्ड लॅपटॉपच्या ईएमआयने आधीच भरलेलं.

चाळीतली मीटिंग

रात्री साडेदहाला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मीटिंग बसली. चिंगी मध्ये, आम्ही चौघं भोवती. भावाने फोनसाठी साठवलेले सहा हजार न बोलता पुढे ठेवले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘ऐपत बघावी लागते गं. आजोबांच्या आजारपणात सुद्धा आपण एवढे एकदम काढले नव्हते.’

मला संताप आला. पण ते खोटं नव्हतं. १९८२ च्या संपानंतर आजोबांची गिरणी परत धड चालली नाही, आणि आमच्या घरात तेव्हापासून प्रत्येक आजाराला आधी ‘किती?’ विचारायची सवय लागली. त्या रात्री मला त्या प्रश्नाची लाज वाटली. आपण हिला पोर म्हणतो आणि हिचा हिशेब करतो?

आई उठली आणि शेजारी गेली. चाळीतल्या बारा बायकांची भिशी आहे, महिन्याला प्रत्येकी हजार. त्या महिन्याचा नंबर होता शेवटच्या खोलीतल्या काकूंचा. म्हणजे ज्या काकू चिंगी गॅलरीत दिसली की झाडू घेऊन धावायच्या त्यांचा! आई दहा मिनिटांनी परत आली ती बारा हजार घेऊन. ‘त्यांनी नंबर बदलून दिला. म्हणाल्या, पुढचा माझा, तेव्हा कारणं सांगायची नाहीत.’

तरी बेचाळीस होत नव्हते. मग काका दारात आले आणि म्हणाले, ‘अगं, एवढा विचार कसला करताय? बैलघोडा आहे ना समोर!’

सगळ्यांची एकच लाईन

परळचा हा पट्टा तुम्ही बघितला असेल. केईएम, वाडिया, टाटा, सगळी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर. फुटपाथवर गावाकडून आलेले नातेवाईक, हातात एक्स-रेची पिशवी, डोळ्यांत रात्रीचं जागरण. त्यांच्यामधून आम्ही चादरीतलं कुत्रं घेऊन चाललो होतो. बाबा चिंगीचं डोकं धरून पुढे, मी मागे.

गेटातून आत गेलात की बाहेरचा हॉर्नचा गोंगाट मागे पडतो. बाकावर भाजीच्या टोपलीत मांजर. शेजारी पट्टी बांधलेली बकरी. एसी गाडीतून उतरलेला लॅब्रेडॉर. एक मुलगा गाडीखाली आलेलं रस्त्यावरचं पिल्लू घेऊन आलेला, त्याचं स्वतःचंही नसलेलं. लाईन मात्र एकच.

या जागेची गोष्टही भारी आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम वाढवली, तेव्हा मुंबईत चक्क दंगल झाली होती. पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. दोनच वर्षांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली, बॉम्बे एसपीसीए. तेव्हा शहरातलं सगळं ओझं बैल आणि घोडे ओढायचे. १८८० च्या दशकात गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने त्यांच्यासाठी हे हॉस्पिटल उभं केलं. पाठोपाठ १८८६ मध्ये इथेच व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. गिरण्यांच्या पैशातून उभी राहिलेली ही जागा गिरणी कामगाराच्या नातीच्या कुत्रीला कामी येणार होती!

डॉक्टरांनी तपासलं, क्लिनिकचे रिपोर्ट वाचले. मी हळूच विचारलं, ‘किती येईल?’ त्यांनी मान वर न करता अंदाज सांगितला. फुकट नव्हतं, पण आमच्या भिशीत आणि भावाच्या फोनमध्ये बसणारं होतं. मग मान वर करून म्हणाले, ‘हार्ट कमजोर वाटतंय. वाचेलच असं सांगत नाही. सही करा.’ सही बाबांनी केली.

टपरीवरचा चहा

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर टपरीवर आलो. शेजारी एक मामा ग्लास धरून उभे होते. बीडकडचे, बायको टाटात. त्यांनी सहज विचारलं, ‘तुमचं कोण अॅडमिट आहे?’

बाबा चहात बघत राहिले. मलाच बोलावं लागलं, ‘कुत्री आहे आमची.’ वाटलं, आता हा माणूस हसणार, किंवा मनात शिव्या घालणार. ते म्हणाले, ‘माझी म्हैस होती गावाकडं. हिच्या औषधाला विकली.’ थोडं थांबून विचारलं, ‘मोठं आहे का ऑपरेशन?’

बाबांनी त्यांच्या चहाचे पैसे दिले. ते नको नको म्हणत होते. परळमध्ये ‘किती येईल?’ हा प्रश्न कुणालाच नवा नाही. आदल्या रात्री वाटलेली लाज मला त्या टपरीवर परत काही वाटली नाही.

चिंगी वाचली. तीन दिवस मान टाकून होती. चौथ्या दिवशी काकूंचा झाडू वाजला तशी धडपडत उठून भुंकली. काकू म्हणाल्या, ‘माझे बारा हजार वसूल.’ पुढचा नंबर त्यांनी अर्थातच सोडला नाही.

तुमच्या घरी चिंगी असेल तर...

• नसबंदी वेळेत करा. ‘घरातच तर असते’ म्हणून आम्ही नऊ वर्षं टाळली.
• पाणी फार पिणं आणि जेवण बंद, विशेषतः माजानंतर, हा इशारा समजा.
• खर्चाचा अंदाज लेखी मागा. आज काय अडलंय आणि काय नंतर चालेल, हे सरळ विचारा.
• चॅरिटेबल हॉस्पिटलांचे पत्ते आणि वेळा आधीच फोनमध्ये ठेवा. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं मोठं हॉस्पिटल सुरू झालंय, तोही नंबर घ्या.
• विमा हवा असेल तर प्राणी धडधाकट असतानाच काढा.
• नाहीतर भिशी लावा. आम्ही लावलीय, महिना पाचशे. नाव ठेवलंय ‘बैलघोडा’.